फोटो काढणारा काय निवडतो?

बदनापूरच्या बाजाराचा दिवस धरा. रस्त्याच्या कडेला पालं लागली आहेत. कोणी बांगड्या मांडल्या आहेत, कोणी मिरच्या. एक माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो आहे. तो कोणाला "इकडे बघा, हसा" म्हणत नाही. जसं चाललं आहे तसंच टिपतो. हीच रस्त्यावरची फोटोग्राफी. स्टुडिओत पडदा असतो, खुर्ची असते, दिवे असतात. इथं त्यातलं काही नाही.

मग यात त्याची करामत ती काय? बटण तर कोणीही दाबील! पुष्कळांना असंच वाटतं. पण नीट पाहा.

मिरची विकणारी बाई जमिनीवर बसली आहे. उभ्यानं फोटो काढला तर तिचा पदर आणि तराजू दिसेल. बाई लहान दिसेल. तोच फोटोवाला उकिडवा बसला, की तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर येतात. बाई तीच, बाजार तोच. फोटो मात्र वेगळा झाला.

वेळही निवडावी लागते. दुपारी ऊन डोक्यावर असतं. भुवयांच्या सावलीत डोळे बुडून जातात. दिवस कलला की ऊन आडवं येतं, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. कॅमेऱ्याचा पडदा एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता उघडला, तर धावतं पोरगं जागच्या जागी थांबलेलं दिसतं. पंधराव्या भागापुरता उघडा राहिला, तर चालती माणसं पुसट येतात. ती चूकच असते असं नाही बरं का! गर्दीची घाई दाखवायची असेल तर पुसटच बरं.

सर्वांत अवघड काम म्हणजे काय वगळायचं हे ठरवणं. २०१३ साली आपल्या जालना जिल्ह्यात दुष्काळ होता. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. वाळक्या झाडाचा जवळून फोटो काढला तर नुसतं झाड दिसतं. चार पावलं मागं सरून त्या झाडाशेजारी उभा शेतकरी घेतला, तर त्याचं नुकसान दिसतं. दोन्ही फोटो खरेच. म्हणून वर्तमानपत्रातला फोटो पाहताना चौकटीच्या बाहेर काय राहिलं असेल, हे मनाशी विचारावं.

सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे. १९८८ पासून ते मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढू लागले. पुढे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी काढले. कचरा उपसताना, गटारात उतरताना. ज्यांच्या जवळून लोक नाकाला रुमाल लावून जातात, त्यांनाच त्यांनी चौकटीच्या मधोमध घेतलं. ते फोटो काळेपांढरे आहेत. मला तर ते फार योग्य वाटतं. रंगीत फोटोत नजर आधी कचऱ्यातल्या रंगीबेरंगी पिशव्यांवर गेली असती. इथं ती माणसाच्या तोंडाकडे जाते. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

आता मोबाईल घरोघरी आहे. कोणी तुमचा फोटो काढला आणि तुम्हाला तो नको असेल, तर "पुसून टाका" असं खुशाल सांगावं. आपणही दुसऱ्याचा काढताना तेवढा विचार ठेवावा. पण आधी विचारलं की माणूस सावरून बसतो, आणि मग बाजार बाजारासारखा राहत नाही. म्हणून काही जण आधी फोटो काढतात, मग दाखवतात आणि नको म्हटलं तर पुसतात. मिरचीवाल्या बाईला दाखवला, तर ती बहुधा आधी बघेल, आपला ढीग नीट आला की नाही ते.