घर विकायचे, पण कधी?

त्सुकुबात हौसेने घर घेतलेल्या आपल्या काही कुटुंबांना आता भारतात परतायचे वेध लागले आहेत, आणि घर कधी विकावे हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, इथला मार्चअखेरचा! शाळा आणि नोकरीचे वर्ष एप्रिलला सुरू होते, त्यामुळे गिऱ्हाईक जानेवारीपासूनच घरे बघत फिरते. २००५ साली त्सुकुबा एक्सप्रेस आली आणि अकिहाबारा ४५ मिनिटांवर आले, तेव्हा स्टेशनजवळच्या घराला विचारणा असतेच. मात्र लाकडी घराची किंमत वर्षागणिक उतरते. टिकली तर जमिनीचीच.

खरी मेख करात आहे. मालकी ५ वर्षांहून जास्त असेल तर नफ्यावर २०.३१५ टक्के, नाहीतर ३९.६३. ही ५ वर्षे विक्रीच्या वर्षातल्या १ जानेवारीला मोजतात. म्हणजे जून २०२१ मध्ये घेतलेले घर डिसेंबर २०२६ मध्ये विकले तरी जास्तीचाच दर. जानेवारीपर्यंत थांबले की जवळजवळ निम्मा!

राहत्या घराच्या नफ्यातून ३ कोटी येनांपर्यंत वजावट मिळते, आणि आपल्यासारख्यांचा नफा सहसा त्यात बसून जातो. पण घर सोडल्यापासून ३ वर्षे पुरी होतात, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच. भाड्याने देऊन "बघू पुढे" म्हणणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

शक्यतो विमानात बसण्यापूर्वीच व्यवहार उरका. इथला पत्ता रद्द झाला की इन्कानचा दाखला मिळत नाही; मग भारतातून नोटरीचे कागद आणि त्यांची जपानी भाषांतरे धाडत बसावे लागते.