सामाजिक प्रश्नावरील भूमिकालेखाचे लेखन : महात्मा फुले यांचे निवेदन आणि जळगाव जिल्ह्यातील मुलींचे घटते प्रमाण

प्रस्तावना :
महाविद्यालयीन स्तरावर सामाजिक प्रश्नांवर विपुल लेखन होत असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असो, निबंध स्पर्धा असो वा प्रकल्प-अहवाल असो, 'मुलगी वाचवा', 'हुंडाबंदी', 'व्यसनमुक्ती' हे विषय ठरलेलेच असतात. मात्र या लेखनातून बहुधा कळकळ व्यक्त होते, भूमिका सिद्ध होत नाही. घोषणा आणि युक्तिवाद यांतील फरक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणारा विद्यार्थी ज्या जळगाव जिल्ह्यात राहतो, त्या जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८० होती; २०११ मध्ये ती ८४२ झाली. असा प्रश्न दारात उभा असताना त्यावरील लेखन केवळ सुभाषितांवर थांबणे परवडणारे नाही. प्रस्तुत लेखात भूमिकालेखाचे स्वरूप व त्याच्या लेखनाचे टप्पे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भूमिकालेख : संकल्पना
इंग्रजीत ज्यास 'पोझिशन पेपर' म्हटले जाते, त्यास मराठीत भूमिकालेख म्हणता येईल. निबंध विषयाचे विवेचन करतो, अहवाल वस्तुस्थिती नोंदवितो. भूमिकालेख मात्र वादग्रस्त प्रश्नावर एक निश्चित बाजू घेतो, ती पुराव्याने मांडतो, विरोधी बाजूस उत्तर देतो आणि निर्णय घेणाऱ्यांसमोर कृतीचा प्रस्ताव ठेवतो. 'स्त्रियांचा सन्मान झाला पाहिजे' ही भूमिका नव्हे. कारण तिला उघड विरोध करणारा कोणी नाही. ज्या विधानास विचारी माणूस नकार देऊ शकतो, तेच भूमिकालेखाचे विधान होय.

महात्मा फुले यांचे निवेदन : एक नमुना
या लेखनप्रकाराचा नमुना महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगास महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवेदन सादर केले. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे.

प्रारंभी फुले आपला अधिकार सांगतात. मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी शाळा चालविल्याचा अनुभव ते नोंदवितात. त्यानंतर मुख्य विधान येते : सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गास मिळतो. वरच्या वर्गास शिक्षण दिले की ते आपोआप खालच्या थरांत झिरपेल, हा त्या काळचा प्रबळ विचार होता. फुले त्यास टाळत नाहीत. त्या शिकलेल्या वर्गाने सामान्य जनांच्या शिक्षणासाठी काय केले, असा प्रश्न ते उपस्थित करतात. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, ही माहिती देताना ती ऐकीव असल्याचेही ते सूचित करतात.

शिफारशी तर अत्यंत नेमक्या आहेत. किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक, त्यांना किमान बारा रुपये वेतन, मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य यांचा अभ्यासक्रम अशा त्या आहेत. विशेष म्हणजे उच्च शिक्षणावरील खर्चाच्या असमतोलावर टीका करूनही सरकारने शिक्षणक्षेत्रातून अंग काढून घ्यावे, या मताशी ते सहमत होत नाहीत. आपल्या विधानाची मर्यादा ओळखणे हे उत्तम भूमिकालेखाचे लक्षण होय. सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा कायदा केला, तर शिक्षणहक्क कायदा देशात १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

लेखनाचे टप्पे :
जळगाव जिल्ह्यातील मुलींच्या प्रमाणाचे उदाहरण घेऊन हे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१. विधान निश्चित करणे : 'स्त्रीभ्रूणहत्या थांबवा' ही घोषणा झाली. 'तालुक्यातील प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या नोंदींची नियमित तपासणी झाल्याशिवाय गर्भलिंगनिदानबंदी परिणामकारक होणार नाही' हे विधान झाले. येथे शब्दयोजनाही महत्त्वाची ठरते. १९७१ च्या कायद्याने विशिष्ट अटींवर गर्भपात वैध ठरविला आहे. १९९४ चा कायदा गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करतो. 'भ्रूणहत्या' या शब्दाने हा भेद पुसला जाऊन वैध गर्भपात करणारी स्त्रीही गुन्हेगार ठरू लागते. म्हणून 'गर्भलिंगनिवड' हा शब्द अधिक योग्य होय.

२. पुरावा पारखणे : ८४२ हा आकडा पाहून 'हजारामागे १५८ मुली नाहीशा झाल्या' असे लिहिले जाते. हे चूक आहे. निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे काहीसे अधिक जन्मतात; हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली हे प्रमाण सामान्य मानले जाते. म्हणजे तूट साधारण शंभराच्या आसपास येते. ती पुरेशी गंभीर आहे. तिला फुगविण्याची आवश्यकता नाही. तसेच हंगामी व अंतिम आकड्यांत फरक असतो. २०११ मध्ये महाराष्ट्राचे बाललिंगप्रमाण प्रथम ८८३ व नंतर ८९४ असे जाहीर झाले. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. त्यामुळे नंतरच्या काळासाठी ग्रामपंचायत व नगरपालिकेच्या जन्मनोंदींकडे वळावे लागते. मात्र वर्षाला चाळीस जन्म होणाऱ्या गावात हे प्रमाण केवळ योगायोगानेही खूप वरखाली होते. एका वर्षावरून एखाद्या गावास दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. अनेक गावांच्या व अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

३. प्रतिपक्षास न्याय देणे : 'मुली कमी झाल्या की त्यांचे मोल आपोआप वाढेल' असा एक युक्तिवाद केला जातो. हरियाणात परराज्यांतून पैसे देऊन वधू आणण्याची जी प्रथा वाढली, ती पाहता टंचाईने स्त्रीचा सन्मान नव्हे, खरेदी-विक्री वाढते, असे उत्तर देता येते. दुसरा आक्षेप अधिक बलवान आहे : हुंडा व वारसा हे मूळ कारण असताना केवळ यंत्रावर बंदी घालून काय साधणार? हा आक्षेप अंशतः मान्यच केला पाहिजे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरीही पुढील काळात प्रमाण घसरले. म्हणून कायदा आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही, असे विधान सुधारून घ्यावे लागते. अशा सुधारणेने लेख दुबळा होत नाही, विश्वासार्ह होतो.

४. शिफारस करणे : 'शासनाने लक्ष घालावे' या वाक्यास कोणीही उत्तरदायी ठरत नाही. समुचित प्राधिकाऱ्याने 'एफ' नमुन्यातील नोंदींची ठराविक मुदतीत छाननी करावी, जन्मनोंदीतील प्रमाण ग्रामसभेत वाचून दाखवावे, असे कोणी, काय व केव्हा करावे हे स्पष्ट लिहावे.

समारोप :
भूमिकालेखाचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्याचे मत अध्यापकास पटले की नाही, हा निकष असू नये. विधान वादक्षम आहे काय, आकडा कोठून आला, विरोधकाची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडली आहे काय आणि शिफारस अमलात आणण्याजोगी आहे काय, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी उद्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत वा तहसील कार्यालयात आपले म्हणणे मांडणार आहे. तेथे अलंकारिक भाषेपेक्षा तपासता येणारे विधान अधिक उपयोगी पडते. फुल्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जे लेखन केले, तशाच नेमक्या लेखनाची आज जिल्ह्यातील मुलींना आवश्यकता आहे.