दार बंद, भरती चालू

इंग्लंडमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात पहिल्या महायुद्धाचं एक विजयपदक पडून होतं. या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असे. शीख इतिहासाचे अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांनी ते विकत घेतलं, आणि त्यावर नाव असलेल्या बुक्कम सिंगचा, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे नव्वद वर्षांनी, शोध सुरू झाला. पदक कॅनडाच्या विसाव्या पायदळ बटालियनमधल्या शिपायाचं होतं. गोऱ्यांच्या त्या पलटणीत हा सिंग गेला कसा?

होशियारपूर जिल्ह्यातल्या माहिलपूरचा हा मुलगा. जन्म ५ डिसेंबर १८९३ चा. लग्न लहानपणीच लागलं होतं. १९०७ साली तो ब्रिटिश कोलंबियात उतरला. मिसरूडही फुटली नसेल. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने नियम केला, की मायदेशाहून सलग प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश, आणि आशियाई माणसाच्या खिशात २०० डॉलर हवेत. हिंदुस्थानातून थेट तिकीट मिळतच नव्हतं. नियमात हिंदी माणसाचं नाव कुठेही न घेता त्याला बाहेर ठेवण्याची ही कारकुनी हुशारी. माहिलपूरच्या मुलाची बायको त्यामुळे पंजाबातच राहिली.

१९१४ च्या उन्हाळ्यात ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ हिंदी प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडली आणि मोजके उतारू सोडून परत हाकलली गेली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. एप्रिल १९१५ मध्ये, एव्हाना ऑन्टारिओत शेतमजुरी करणारा बुक्कम सिंग स्मिथ्स फॉल्सला जाऊन कॅनडाच्या फौजेत भरती झाला.

का? साम्राज्यनिष्ठेचं उत्तर मला पटत नाही. कॅनडाच्या शिपायाला भत्त्यासकट रोज १ डॉलर १० सेंट मिळत. हिंदी फौजेतल्या शिपायाला महिन्याला ११ रुपये. पैशाचं आकर्षण असेलच. पण मतही नसलेल्या माणसाला बरोबरीचा गणवेश मिळतो, हेही काही कमी नव्हतं.

तिकडे इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढत होत्या, पण त्यांच्या शेजारी निदान आपली भाषा बोलणारा जवान होता. कॅनडाच्या साऱ्या फौजेत नोंद सापडलेले शीख जेमतेम दहा. फ्लँडर्सच्या खंदकांत बुक्कम सिंग १९१६ साली दोनदा जखमी झाला: आधी डोक्याला तोफगोळ्याचा तुकडा लागला, मग पायात गोळी. त्याच्यावर उपचार झाले ते ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही कविता लिहिणाऱ्या डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या इस्पितळात. एवढ्यातून तो वाचला. पण १९१८ साली इंग्लंडमध्ये क्षयाने गाठलं. कॅनडात परतल्यावर किचनरच्या फ्रीपोर्ट इस्पितळात २७ ऑगस्ट १९१९ रोजी तो गेला. वय पंचवीस. माउंट होप दफनभूमीत त्याला सैनिक म्हणून पुरलं.

महायुद्धातल्या शीख सैनिकाची कॅनडातली ती एकमेव ज्ञात कबर. आता दर नोव्हेंबरात तिथे शीख कुटुंबं आणि फौजी जमतात, मानवंदना होते. व्हावीच. मात्र ‘कॅनडाचा शीख वीर’ हा गौरव एवढा सोयीचा झाला आहे, की त्याच्या आड मताधिकार काढून घेणारा तो कायदा सहज लपतो. ब्रिटिश कोलंबियातल्या हिंदी लोकांना मताचा हक्क परत मिळाला १९४७ साली, म्हणजे बुक्कम सिंगला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.