जॉयस्टिक सोडली, तरी विमान वळतंय?

संत संताजी जगनाडे महाराज व्यवसायाने तेली. मापाशी ज्याचा रोजचा संबंध, त्याला पासंग समजवावा लागत नाही: रिकामं पारडं झुकत असेल, तर दुसरीकडे वजन बांधून दांडी सरळ करायची. जॉयस्टिकचं कॅलिब्रेशन हा असाच पासंग. डेडझोन त्याहून वेगळा. मध्याभोवतीच्या जेवढ्या हालचालीकडे सॉफ्टवेअर काणाडोळा करतं, तेवढा डेडझोन.

तो लागतो, कारण आतला पोटेन्शिओमीटर झिजतो आणि हात काढल्यावरही आकडा शून्यावर येत नाही. रिमॅपिंगमध्ये अक्षाला कीबोर्डचं बटण जोडलं असेल, तर ते बटण आपोआप दाबलं जात राहतं.

गेमपॅडसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या प्रणालीत अक्ष −३२,७६८ ते ३२,७६७ असा धावतो. डाव्या स्टिकसाठी त्यांनी सुचवलेला डेडझोन ७,८४९, उजव्यासाठी ८,६८९. म्हणजे पाव प्रवास वाया! चांगल्या स्टिकला हे फारच होतं.

त्यापेक्षा स्वतः मोजा. स्टिक चारही दिशांना ढकलून सोडा, दहा वेळा. आकडा कुठे थांबतो ते दरवेळी टिपा. सर्वांत मोठा आकडा ४ टक्के असेल, तर डेडझोन ६ ठेवा. दोन्ही अक्षांचा मिळून गोल डेडझोन निवडा. वेगवेगळा ठेवला, तर किंचित तिरकी चाल सरळ रेषेला चिकटते.

थ्रॉटलच्या अक्षाला मात्र मधला डेडझोन देऊ नका. त्याला मध्य नसतो, टोकं असतात.