भिंतीपलीकडचे कान

गेल्या गणपतीत माझी भाची घरी आली होती. ती संगणक-सुरक्षेचे काम करते. मी तिला वायफायचा पासवर्ड सांगायला गेलो, तर म्हणाली, "मामा, सांगू नका. तुमची परवानगी असेल तर मीच शोधते." मी हो म्हटले. तिने लॅपटॉप उघडला, माझा मोबाइल वायफायपासून तोडून पुन्हा जोडायला लावला आणि त्या क्षणी हवेतून टिपलेली माहिती स्वतःच्या घरच्या संगणकाकडे पाठवली. चहाला उकळी येईपर्यंत पडद्यावर दहा आकडे उमटले. तो माझाच मोबाइल नंबर होता.

हा पासवर्ड मी निवडलेला नव्हता. राउटर बसवायला आलेला मुलगा "काका, तुमचा नंबरच टाकतो, म्हणजे विसरायला नको," असे म्हणाला आणि मी मान डोलावली. नंतर सोसायटीत सहज चौकशी केली, तर अनेक घरांत हीच कथा निघाली. तेव्हापासून या विषयाचा मागोवा घेत गेलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी एक जुनी घटना. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या दारात पोहोचले. त्याची कसून चौकशी झाली. पुढे तपासात दिसले की, त्याचे वायफाय असुरक्षित होते आणि कोणीतरी ते परस्पर वापरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमधला ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या, तर सप्टेंबरमधला, दिल्ली स्फोटांच्या वेळचा, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. या प्रकरणांतून सामान्य माणसाने घ्यायचा धडा एवढाच, की जोडणी ज्याच्या नावावर, पहिली थाप त्याच्याच दारावर पडते.

वायफाय म्हणजे अखेर रेडिओ. आपला राउटर आणि मोबाइल एकमेकांशी बोलतात ते सगळे हवेत पसरते. भिंतीमुळे क्षीण होते, पण थांबत नाही. जिन्यात किंवा खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ते टिपता येते आणि त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणूनच ते बोलणे कूटबद्ध करावे लागते, म्हणजे ऐकू गेले तरी कळू नये असे करावे लागते.

या कुलपांचा इतिहास फार आश्वासक नाही. 'वेप' हे पहिले कुलूप १९९७चे. २००१मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातला मूलभूत दोष दाखवला आणि २००७पर्यंत ते एका मिनिटाच्या आत उघडू लागले. २००३मध्ये 'डब्ल्यूपीए' आणि २००४मध्ये 'डब्ल्यूपीए-२' आले. आज बहुतेक घरांत हे दुसरेच आहे. त्याची बांधणी भक्कम आहे. पण त्याची सारी भिस्त पासवर्डवर आहे.

मोबाइल वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि तो एकमेकांची ओळख पटवतात. त्यात पासवर्ड उघडपणे उच्चारला जात नाही. मात्र त्यापासून गणिताने तयार झालेली एक खूण हवेत जाते. ती खूण टिपली, की चोराला आपल्या घरापाशी थांबण्याची गरजच उरत नाही. तो आपल्या घरी बसून एकेक पासवर्ड घेतो, तेच गणित करतो आणि खूण जुळते का पाहतो. तीन वेळा चुकला म्हणून त्याला अडवणारे तिथे कोणी नसते.

आता हिशेब करू. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण संगणकावर खेळ खेळण्यासाठी मिळणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासू शकते. ४०० कोटी संपायला लागतात ४,००० सेकंद, म्हणजे तास-सव्वा तास. माझा जुना नंबर ९८ने सुरू होणारा. भाचीने तिथूनच सुरुवात केली होती. त्या दहा कोटींना शंभर सेकंद पुरतात.

याउलट, दोन हजार साध्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचलले, तर त्याच वेगाने सगळ्या जुळण्या तपासायला सुमारे हजार वर्षे लागतील. मात्र शब्द खरोखर चिठ्ठीनेच निघायला हवेत. मुलांची नावे, गावाचे नाव, जन्मसाल हे आपल्याला गुपित वाटते. चोराच्या यादीत ते आधीच असते. २०१८मध्ये आलेल्या 'डब्ल्यूपीए-३'मध्ये घरी बसून तपासण्याची ही वाट बंद केली आहे. प्रत्येक प्रयत्न राउटरसमोरच करावा लागतो. आपल्या राउटरमध्ये ती सोय असेल तर जरूर निवडावी.

पासवर्ड गेला तर काय बिघडते? बँकेची संकेतस्थळे आपला मजकूर स्वतंत्रपणे कूटबद्ध करतात, त्यामुळे तो सहसा सुरक्षित राहतो. पण आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे पुष्कळदा दिसते. घरातला कॅमेरा किंवा प्रिंटर हाताशी येतो. राउटरचा कारभार चालवणारा वेगळा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिला असेल, तर सगळा राउटरच परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. तो पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

आणखी दोन गोष्टी. एक, 'डब्ल्यूपीएस' ही बटण किंवा आठ आकड्यांनी जोडण्याची सोय बंद करावी. त्या आकड्यांची तपासणी दोन तुकड्यांत होत असल्याने फार तर ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११मध्येच उघड झाले. दोन, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. २०१७मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी डब्ल्यूपीए-२मध्येही एक फट दाखवली होती. ती बुजली अशा अद्ययावत आवृत्त्यांमुळेच. नेटवर्कचे नाव लपवण्याचा मात्र उपयोग नाही. जोडताना ते नाव उघडपणेच हवेतून जाते.

सगळ्यात अवघड प्रश्न तांत्रिक नाही. शेजारच्या वहिनींनी नातवाच्या अभ्यासासाठी पासवर्ड मागितला तर नाही कसे म्हणायचे? डब्ल्यूपीए-२मध्ये पासवर्ड ठाऊक असलेला माणूस इतरांचे बोलणेही उलगडू शकतो. म्हणून राउटरमधले पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क सुरू करावे आणि त्याचा पासवर्ड द्यावा. शेजारधर्मही राहतो आणि घरही झाकलेले राहते. कोणाला दिला आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. जबाबदारी आपल्याच नावावर असते.

भाचीने निघण्यापूर्वी माझ्याकडून पाच चिठ्ठ्या उचलून घेतल्या. ते शब्द मी वहीत लिहून कपाटात ठेवले. कागदावर लिहिलेले चालते का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "मामा, या चोराला कपाट उघडता येत नाही. त्याला फक्त ऐकू येतं."