बोबडे बोल आणि अडलेले बोल

मूल दोन वर्षांचं झालं की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, ‘बोलायला लागला का?’ नाही म्हटलं तर उत्तरही ठरलेलं, ‘त्याचा बापही उशिराच बोलला.’ पुष्कळदा ते खरं निघतं. पण उशिरा बोलणं, बोबडं बोलणं आणि बोल अडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे जर्सी सिटीत नातवाला सांभाळताना गेल्या दीड वर्षात हे मला नीट कळलं, म्हणून या सदरासाठी लिहिते आहे.

आधी वाढीचे टप्पे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये ते नव्याने मांडले. त्या त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं जे करतात, तेवढंच यादीत घेतलं आहे; म्हणून यादीतलं काही जमत नसेल तर वाट पाहत बसू नये, डॉक्टरांशी बोलावं. दोन वर्षांला दोन शब्द जोडणं (‘दूध दे’), अडीचला सुमारे ५० शब्द, तीनला परक्या माणसालाही बहुतेक वेळा कळेल असं बोलणं, चारला चार शब्दांचं वाक्य.

अडीच वर्षांचा असताना आमच्या नातवाजवळ मोजून आठ शब्द होते. समजायचं मात्र सगळं. ‘आजोबांचा चष्मा आण’ म्हटलं की आणून द्यायचा. पाथ ट्रेनचा अख्खा प्रवास हातवाऱ्यांनी सांगायचा, आणि आम्हाला कळलं नाही की जमिनीवर लोळण घ्यायचा. तो हट्ट नव्हता, अडकलेलं बोलणं होतं. पहिली तपासणी कानांची झाली. कान चांगले निघाले.

बोबडं मूल ‘राम’ला दर वेळी ‘लाम’ म्हणतं. त्याची चूकही ठरलेली असते. आमचा नातू ‘पाणी’ला एकदा ‘बानी’ म्हणायचा, लगेच ‘पाई’, तिसऱ्यांदा नुसतं ‘आ’. एखादा शब्द स्वच्छ निघायचा आणि मग आठवडाभर गायब. शब्द जितका लांब तितकी ओढाताण जास्त. या विकाराला चाइल्डहुड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच म्हणतात. यात जीभ-ओठ दुबळे नसतात. ते कोणत्या क्रमाने, कधी हलायचे याची आखणी मेंदूकडून नीट होत नाही. तीन वर्षांआधी मूल बोलतंच इतकं थोडं की पक्कं निदान करणं अवघड जातं. पण निदानासाठी उपचार थांबत नाहीत.

न्यू जर्सीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन योजना आहे. तपासणी मोफत, पुढच्या सेवेचा खर्च उत्पन्नाप्रमाणे काही कुटुंबांना उचलावा लागतो. तिसऱ्या वाढदिवसानंतर ही जबाबदारी शहराच्या शाळाखात्याकडे जाते. तिथे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी, कारण अर्ज पोचल्यापासून २० दिवसांत (शाळेच्या सुट्या सोडून) बैठक घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तोंडी विनंतीवर विसंबू नका.

उपचारात थेरपिस्ट समोर बसते. तिचं तोंड पाहत मूल तिच्याबरोबरच शब्द हळू म्हणतं. मग ती आवाज न करता फक्त ओठ हलवते, शेवटी मूल एकटं म्हणतं. थोडेच शब्द, पण पुन:पुन्हा. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ बरा. घरी आम्ही जिने चढताना, आंघोळीच्या वेळी पाच-पाच मिनिटं घेतो. मेणबत्ती फुंकणं, शिट्टी वाजवणं यांनी बोलणं सुधारतं याला आधार नाही. वेखंड उगाळून जिभेवर लावायचा सल्लाही फोनवर आला. अमेरिकेत अन्नात वेखंड घालायला १९६८ पासून बंदी आहे, एवढं सांगून मी तो विषय मिटवला.

दुसरा सल्ला अधिक लागला: मराठी बंद करा, इंग्रजीच बोला. मग हे पोर ठाण्यातल्या पणजीशी बोलणार कशात? आमच्या थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे हा विकार होत नाही आणि एक सोडल्याने बरा होत नाही. तिला मराठी येत नाही, म्हणून मी शब्द रेकॉर्ड करून दिले. ‘दे’, ‘नको’, ‘आजी’ यांच्या शेजारी ‘गो’ आणि ‘मोर’ बसले. शाळेची तपासणीही मुलाच्या घरच्या भाषेत मागता येते. ती मागणी अर्जातच लिहावी. मुंबईच्या वाचकांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

आता नातवाला चार पूर्ण झाली. तीन शब्दांची वाक्यं येतात, परक्याला निम्मं कळतं. यादीच्या तो अजून मागेच आहे. शुक्रवारी इथली सकाळ असते तेव्हा, ठाण्यात दिवे लागायच्या आधी, पणजीला ‘शब्बाथ शालोम’ म्हणतो. ‘थ’ कधी येतो, कधी हरवतो. अशा मुलांना पुढे वाचनातही अडचण येऊ शकते, म्हणून सध्या आम्ही टाळ्या वाजवत शब्द तोडतो: प-ण-जी, तीन टाळ्या.