अर्ध्या किलोचा चष्मा

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांत उन्हाळ्याची पाळी म्हणजे बाहेर चाळिशीपार पारा आणि आत भट्टी. अशा ठिकाणी उद्या फिटरच्या डोळ्यांवर ऑगमेंटेड रिअॅलिटीचा चष्मा चढला आणि दुरुस्तीच्या आकृत्या थेट यंत्रावरच दिसू लागल्या, तर त्याचं काम हलकं होईल की डोकं धरेल? हे मोजून सांगता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या अशाच चष्म्याचं वजन ५६६ ग्रॅम. भार पुढे आला की डोकं सावरताना मानेमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. म्हणून यात बॅटरी मागे बसवली आहे. डोळ्यांचं दुखणं वेगळं. चष्म्यातलं चित्र साधारण दोन मीटरवर स्पष्ट दिसेल असं बसवलेलं असतं, आणि हातातला बोल्ट असतो हातभर अंतरावर. आकृती बोल्टवर आणली की दोन्ही बुबुळं आत वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र दोन मीटरवरच जुळवून ठेवावं लागतं. या ओढाताणीत डोळे शिणतात.

मानेचा ताण मोजायला कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतली विद्युत हालचाल टिपतात. बाकीचं कामगारालाच विचारावं लागतं. नासाच्या सँड्रा हार्ट यांनी लोवेल स्टॅव्हलँड यांच्यासह १९८८ मध्ये मांडलेली ‘टास्क लोड इंडेक्स’ सहा गोष्टी विचारते: डोक्याला किती ताण, अंगमेहनत किती, घाई किती, काम कितपत जमलं, जोर किती लावावा लागला आणि चिडचिड किती झाली. मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांसाठी १९९३ ची सोळा लक्षणांची प्रश्नावली आहे. मुळात सिम्युलेटरवर शिकणाऱ्या वैमानिकांसाठी केलेल्या या प्रश्नावलीत प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन गुण असतात.

ही मोजणी किती वेळ चालते, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकी लष्कराने होलोलेन्सवरून बनवलेल्या चष्म्याची २०२२ मध्ये मैदानात चाचणी घेतली, तेव्हा सैनिकांना डोकेदुखी आणि मळमळ झाली. त्रास झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना तो तीन तासांच्या आतच जाणवला. कारखान्यातली पाळी आठ तासांची असते.

म्हणून कारखानदारांना एकच सांगणं आहे. एसी खोलीतलं दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक पाहून असे चष्मे घेऊ नका. भट्टीजवळ, हेल्मेटसकट, पूर्ण पाळीभर ते वापरून पाहा, आणि ज्याने घातले त्याचे गुण आधी वाचा.